सिंकमधले पाणी नेमके अडते कुठे?

डिसेंबरातला रविवार, घरात सावजी मटण झालेले, पाहुणे जेवून उठलेले आणि सिंकपाशी भांड्यांचा ढीग. चार ताटे घासून होत नाहीत तोच सिंकमध्ये पाणी चढू लागते. नळ बंद केला की ते सावकाश उतरते आणि सिंकच्या कडेला लालसर तवंगाची रेघ उमटलेली दिसते. नागपुरातल्या कितीतरी घरांना हा अनुभव ओळखीचा असेल. त्यावर पहिला उपायही ठरलेला असतो: दुकानातून ड्रेन क्लीनरची पुडी आणायची, जाळीत ओतायची आणि वाट पाहायची. कधी पाणी वाहू लागते, कधी नाही. वाहू लागले तरी महिन्याभरात पुन्हा तेच.

याचे कारण साधे आहे. पाणी का अडले याचा विचार होतो, कुठे अडले याचा होत नाही. सिंकच्या जाळीपासून रस्त्यावरच्या गटारापर्यंत पाण्याला पाच-सहा टप्पे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावरचे चोकअप वेगळ्या पद्धतीने निघते. जागा सापडली की निम्मे काम तिथेच होते, आणि बहुतेक वेळा ते घरच्या घरी होण्यासारखे असते.

दोष त्या एका जेवणाचा मात्र नसतो. रश्श्यावरची तर्री सोयाबीन तेलाची असेल तर ती नागपूरच्या थंडीतही पातळच राहते. मटणाच्या चरबीचे तसे नाही. ती चाळीस अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागते. वनस्पती तूप 31 ते 41 अंशांच्या दरम्यान वितळते, म्हणजे त्याखाली ते गोठलेलेच. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा रात्री दहाच्याही खाली जातो आणि बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा पाइप तेवढाच गार पडतो. साबणामुळे सुटलेली चरबी पाण्याबरोबर दोन-तीन फूट जाते, गार पाइपाला टेकते आणि तिथेच बसते. तिच्यावर भाताची शिते, कणकेचे पाणी, चहाचा चोथा चिकटत जातो. मे महिन्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला जातो, त्या वेळी भांडी आणि फडकी धुतलेले पांढरे पाणी सिंकमध्येच जाते. त्यातला स्टार्च आधीच्या तेलकट थरावर खळीसारखा बसतो. घरात बोअरचे जड पाणी वापरत असतील तर आणखी एक भर पडते. पाण्यातले कॅल्शियम आणि चरबी यांच्यापासून न विरघळणारा साबण तयार होतो आणि तो पाइपाला घट्ट धरून राहतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 मध्ये जमिनीखालच्या गटारात अडीचशे मीटर लांब आणि सुमारे 130 टन वजनाचा असाच गोळा सापडला होता. तो फोडून काढायला कामगारांना आठवडेच्या आठवडे लागले. घरच्या सव्वा इंची पाइपात हीच प्रक्रिया लहान प्रमाणात चालते.

आधी पाहा, मग हात घाला

सिंकच्या तोंडाला बूच किंवा ओल्या फडक्याचा बोळा लावून अर्धे सिंक भरा आणि एकदम मोकळे करा. पाणी पहिल्या क्षणापासूनच रेंगाळले तर अडथळा जवळ आहे: जाळीत, तिच्या खालच्या कपलिंगमध्ये किंवा त्याखालच्या, कपाच्या आकाराच्या बॉटल ट्रॅपमध्ये. आधी झपाट्याने उतरून काही सेकंदांनी मंदावले तर ट्रॅप मोकळा आहे. पुढचा पाइप भरून आला आणि मग पाणी थांबले. जितक्या उशिरा मंदावले तितका अडथळा लांब. जाताना गुडगुड आवाज येत असेल तर पाइपात हवा कोंडते आहे, म्हणजे पाइप बराचसा भरलेला आहे किंवा हवेचा पाइप बंद झाला आहे.

मग बाहेर या. स्वतंत्र घर असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीबाहेर जमिनीत जाळीचे झाकण असलेला लहान चौकोनी खड्डा असतो, तो गली ट्रॅप. झाकण उचलून बघा आणि कोणाला तरी आत नळ सोडायला सांगा. सिंक भरलेले पण गली ट्रॅपमध्ये पाण्याची बारीक धार, असे दिसले तर चोकअप या दोहोंमधल्या पाइपात आहे. गली ट्रॅपच काठोकाठ भरला असेल तर सिंकखाली कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. दोष पुढच्या चेंबरमध्ये किंवा रस्त्यावरच्या गटारात, म्हणजे गडरलाइनमध्ये आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. प्लंबर बोलावण्याआधी ती झाली असेल तर त्यालाही नेमके काम सांगता येते.

फ्लॅटमध्ये हाच प्रश्न शेजाऱ्यांना विचारावा लागतो. वरच्या मजल्यावर भांडी घासली की खालच्या मजल्यावरच्या सिंकमधून फेस वर येत असेल तर सर्वांच्या सामाईक उभ्या पाइपाचा तळ भरलेला असतो. अशा वेळी खालच्या घराने आपल्या सिंकमध्ये पुड्या ओतणे हा पैशाचा आणि पाइपाचा दोन्हींचा अपव्यय. ते काम सोसायटीचे आहे आणि खर्चही सोसायटीचाच असायला हवा.

पावसाळ्यात आणखी एक शक्यता असते. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरले. अशा पावसात गडरलाइन भरून वाहते, मग सखल भागातल्या घरांत मोरीतून आणि सिंकमधून पाणी उलटे येते. तेव्हा आपले सिंक साफ असूनही तुंबते. तळमजल्याच्या घरांनी बाहेर जाणाऱ्या लाइनवर पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवून घेणे शहाणपणाचे.

ओट्याखालचे काम

अडथळा जवळ आहे असे कळले की ओट्याखालचे सगळे डबे बाहेर काढा, बादली ठेवा आणि बॉटल ट्रॅपचा खालचा कप हाताने उलटा फिरवा. प्लास्टिकचा असेल तर पाना लावू नये, आटे तुटतात. कप सुटला की आतला माल बादलीत पडतो: करड्या रंगाचा चिकट गोळा, त्यात मोहरीचे दाणे, तेजपानाचा तुकडा, दगडफुलाची काळी पापडी, तारेच्या घासणीचे धागे आणि कधी हरवलेला चहाचा चमचा. वास उग्र असतो, पण काम अवघड नाही. कप साबणाने धुवा, वरच्या नळीत जुना टूथब्रश फिरवा, रबरी वॉशर पुसून जागच्या जागी बसवा आणि कप हातानेच घट्ट करा.

इथे एक गोष्ट नक्की तपासावी. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत वळ्यावळ्यांची लवचीक नळी लावलेली असेल तर पुन्हा पुन्हा तुंबण्याचे कारण बहुधा तीच आहे. लावायला सोपी आणि स्वस्त म्हणून ती सर्रास बसवली जाते, पण तिच्या प्रत्येक वळीत तेल साचते आणि मधेच झोळ पडला की पाणी तिथे थांबूनच राहते. तिच्या जागी आतून गुळगुळीत असलेला, शक्य तर 40 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप बसवा. उतार दर तीन फुटांना साधारण इंचभर असावा. काटकोनी एल्बोऐवजी दोन तिरके बेंड घेतले तर खरकटे कोपऱ्यात अडत नाही. जिथे वळण टाळता येत नाही तिथे दार असलेला बेंड मागा. पुढच्या वेळी ते दार उघडून सफाई होते. ही नळी जमिनीतल्या भोकात नुसतीच खोचलेली असेल तर भोवतालची फटही बुजवावी, झुरळे तिथूनच वर येतात.

ट्रॅप साफ आहे आणि तरीही पाणी थांबते, तेव्हा गरम पाणी आणि रबरी पंप. गरम म्हणजे गिझरचे, साठ अंशांपर्यंतचे. खळखळते पाणी ओतण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, पण पीव्हीसीचा पाइप सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडतो आणि सांधे हलतात. गिझरचे पाणी अर्धे सिंक भरून घ्या, त्यात भांड्यांचा लिक्विड साबण घाला, दहा मिनिटे थांबा. मग पंपाचे रबर पाण्यात पूर्ण बुडेल असे ठेवून सरळ वर-खाली दाबा. सिंकला जास्तीचे पाणी जाण्याचे वरचे भोक असेल तर ते ओल्या फडक्याने दाबून धरा, दोन खणांचे सिंक असेल तर दुसऱ्या खणाचे तोंडही. नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो.

त्यानेही हलले नाही तर पाइप साफ करायची लांब, लवचीक स्प्रिंग. ती सिंकच्या जाळीतून घालण्यात अर्थ नाही, ट्रॅपच्या वळणात अडकते. ट्रॅप काढून भिंतीतल्या पाइपाच्या तोंडातून घालावी, फिरवत पुढे सरकवावी आणि अडथळा लागला की ढकलण्याऐवजी फिरवावी. बाहेर येताना ती थर ओढून आणते. त्यानंतर गरम पाण्याची एक बादली सोडली की उरलेला गाळ वाहून जातो.

ड्रेन क्लीनरच्या पुड्यांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. त्यांत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीचा साबण करतो हे खरे, पण साचलेल्या पाण्यात तो पातळ होतो आणि पाणी कमी असेल तर पाइपातच दगडासारखा थिजतो. अॅल्युमिनियमला तो खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. वापरायचाच असेल तर हातमोजे आणि चष्मा घालून, पाकिटावर लिहिलेल्या मापाने, पाणी संथपणे का होईना वाहत असतानाच. पाणी पूर्ण थांबलेले असताना नाही. पुडी टाकून झाल्यावर रबरी पंप मारू नये, उडालेला थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. आणि कॉस्टिकनंतर टॉयलेट क्लीनरचे अॅसिड ओतणे किंवा अॅसिडवर ब्लीच ओतणे तर कधीच नाही. पहिल्यात मिश्रण उकळून अंगावर येते, दुसऱ्यात विषारी क्लोरीन वायू सुटतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस पाहायला छान वाटतो. पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, उरतो तो कार्बन डायऑक्साइड. त्याने वास थोडा कमी होईल, चरबी हलणार नाही.

सिंकखाली यंत्र असेल तर

वर्धा रोड, बेसा, मनीषनगरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचनबरोबर वेस्ट डिस्पोझर बसवून घेणारी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या घरी पाहिलेले असते, सोय पटलेली असते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रसीन गावच्या जॉन हॅम्स या वास्तुरचनाकाराने 1927 मध्ये हे यंत्र घडवले, 1935 मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि 1938 मध्ये त्याने इन्सिंकरेटर कंपनी काढली. गटारांवर ताण येईल या भीतीने न्यूयॉर्क शहराच्या मोठ्या भागात त्यावर अनेक वर्षे बंदी होती, ती 1997 मध्ये उठली.

या यंत्रात मिक्सरसारखी पाती नसतात. तळाशी फिरणारी पोलादी चकती असते आणि तिच्यावर सैल बसवलेले दोन ठोकळे. चकती फिरली की खरकटे बाहेरच्या दातेरी कड्यावर आपटते, घासले जाते आणि बारीक होऊन पाण्याबरोबर निघते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की यंत्र खरकटे नाहीसे करत नाही. त्याचा लगदा करून पुढच्या पाइपात पाठवते. लगदा वाहून न्यायला पाणी पुरे पडले नाही तर चोकअप हाताला लागेल अशा जागेवरून लांब, भिंतीच्या आत जाते.

यंत्र असलेले सिंक तुंबले तर आधी बटण दाबून ऐका. नुसती घरघर येते आणि चकती फिरत नाही, तर काहीतरी अडकले आहे. लगेच बंद करा आणि प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बहुतेक यंत्रांच्या तळाशी मधोमध षटकोनी खाच असते, तिच्यात अॅलन की घालून दोन्हीकडे फिरवली की चकती मोकळी होते. अडकलेला तुकडा टॉर्चच्या उजेडात सांडशीने काढावा, हात आत घालू नये. आवाजच येत नसेल तर मोटर तापून आपोआप बंद पडलेली असते. दहा मिनिटे थांबून तळाचे लाल बटण दाबा. तरीही शांतच असेल तर घराचा एमसीबी बघा.

यंत्र व्यवस्थित फिरते, पण पाणी उतरत नाही किंवा दुसऱ्या खणातून वर येते, तर यंत्र निर्दोष आहे. चोकअप पुढे आहे आणि वर सांगितलेल्या मार्गाने, ट्रॅप उघडून व स्प्रिंग फिरवून, ते काढायचे. या यंत्रात ड्रेन क्लीनर कधीही ओतू नये. तो आतच साचतो, रबर आणि धातू खातो आणि नंतर ट्रॅप उघडणाऱ्याच्या अंगावर सांडतो.

यंत्र बसवल्यापासूनच सिंक संथ असेल तर दोष बसवण्यात शोधावा. दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, जुना बॉटल ट्रॅप तसाच ठेवणे. त्याच्या अरुंद कपात लगदा बसतो; डिस्पोझरला रुंद, गुळगुळीत पी-ट्रॅपच हवा. दुसरी चूक उंचीची. यंत्रातून पाणी बाहेर पडण्याचे तोंड सिंकच्या तळाच्या सहा-सात इंच तरी खाली येते. भिंतीतल्या पाइपाचे तोंड पूर्वीच्या ट्रॅपसाठी वर ठेवलेले असेल तर पाण्याला चढ चढावा लागतो, यंत्राच्या पोटात ते कायम साचून राहते आणि कुजते. टेपने मोजा: भिंतीतले तोंड यंत्राच्या तोंडापेक्षा खाली नसेल तर भिंत फोडून ते खाली घेणे हाच उपाय. विकत घेण्याआधीच ही मापे घेतली, सिंकचे भोक साडेतीन इंची आहे का ते पाहिले आणि अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग पॉइंट ओट्याखाली मिळवला, तर पुढचा त्रास टळतो.

चालवताना थंड पाण्याचा नळ आधी सोडावा, मग बटण दाबावे. आवाज मोकळा झाला की यंत्र बंद करून पाणी आणखी पंधरा-वीस सेकंद वाहू द्यावे. इथे गरम पाणी का नको? गरम पाण्यात तूप-चरबी वितळून पुढे जाते आणि गार पाइपात पुन्हा थिजते; थंड पाण्यात ती घट्ट राहते, तुकडे होतात आणि वाहून जाते. उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचे दिवस आले की यंत्र बंद ठेवणेच बरे. जुलै 2019 मध्ये तोतलाडोहचा साठा तळाला गेल्याने नागपूर महापालिकेला आठवड्यातले काही दिवस पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला होता. अशा दिवसांत पुरेशा पाण्याविना चालवलेले डिस्पोझर पाइप भरून ठेवणारच.

आणि नागपूरच्या स्वयंपाकघरातले सगळेच त्यात जात नाही. सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, कणसाची पाने, कांद्याची साले यांचे धागे चकतीला गुंडाळतात. भात आणि कणीक फुगून पाइपात बसतात. आंब्याची कोय, सीताफळाच्या आणि बोरांच्या बिया ठोकळ्यांखाली अडकतात. मटणाची नळी कितीही जाहिरात असली तरी घालू नये. संत्र्याची साल चालते, वासही जातो, पण एखाद्या फळाची आणि तुकडे करून. आंबिया आणि मृग बहारात घरात किलो-किलोने संत्री सोलली जातात, ती साले बाहेरच्या डब्यातच टाकावी.

बाहेरचा डबा हा मागासलेपणा नव्हे. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले, पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असेही सांगितले. ओल्या कचऱ्याचे खत होते. सिंकमधून गेलेल्या लगद्याचे काय होते, हे घराचे सांडपाणी कुठे जाते त्यावर ठरते. नागपूरच्या सांडपाण्याचा काही भाग भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध होतो आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिला जातो. जे शुद्ध होत नाही ते नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्द धरणात पोचते. शहराच्या बाहेरच्या लेआउटमधली अनेक घरे सेप्टिक टँकवर आहेत. तिथे डिस्पोझरचा लगदा टाकीत गाळ वाढवतो आणि ती लवकर उपसावी लागते. म्हणून टँक असलेल्या घराने डिस्पोझर बसवूच नये, आणि गडरलाइन असलेल्या घरानेही ताटाला चिकटलेले घासभर खरकटे एवढ्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

सिंक पुन्हा तुंबू नये यासाठी तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्यावी. तळणीचे जुने तेल आणि गार झालेली तर्री बाटलीत भरून, झाकण लावून कचऱ्यात द्यावी. जाळीच्या वर बारीक भोकांची स्टीलची दुसरी जाळी बसवली की भाताची शिते आणि चोथा तिथेच अडतात. आठवड्यातून एकदा यंत्र नसलेल्या सिंकमध्ये काठोकाठ गिझरचे पाणी भरून एकदम सोडावे. नळाच्या धारेपेक्षा या लोंढ्याला जोर जास्त असतो.

काम उरकल्यावर ओट्याखाली डबे परत लावण्याची घाई नको. सिंक भरा, एकदम सोडा आणि वाहत्या पाण्यात प्रत्येक सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओलावा दिसला तर सांधा उघडून वॉशर तिरका बसला आहे का पाहा, झिजला असेल तर नवीन घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी टिश्यू पुन्हा एकदा फिरवा. तो कोरडा निघाला की मगच डबे आत ठेवा.